सोसायटीसाठी वाइड अँगल कॅमेरा कसा निवडावा: टेपने मोजण्यापासून रात्रीच्या चाचणीपर्यंत

पार्किंगमधून दुचाकी चोरीला गेली की कमिटी रेकॉर्डरसमोर बसते. फुटेज मिळतं. त्यात अख्खं पार्किंग दिसतं, गेट दिसतं, गाडी ढकलत नेणारा माणूसही दिसतो. तो कोण आहे, एवढं मात्र दिसत नाही. झूम केलं की चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन उरतात. मग कॅमेरा खराब, कंपनी खराब, बसवणारा खराब अशी चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा यातलं काहीच खराब नसतं. जागेच्या मानाने लेन्स फार रुंद घेतलेली असते.

हिशेब करून बघा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा, लेन्स २.८ मिमी (मिमी जितके कमी, तितकं चित्र रुंद), माणूस १२ मीटरवर. तिथे कॅमेऱ्यात जवळजवळ २९ मीटर रुंदीचा भाग मावतो आणि त्या सगळ्या रुंदीला मिळून आडवे पिक्सेल असतात १९२०. म्हणजे एका मीटरला साधारण ६७. माणसाचा चेहरा पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंद, म्हणून चेहऱ्याच्या वाट्याला आले दहा-अकरा पिक्सेल. एवढ्यातून कोणतंही सॉफ्टवेअर नाक-डोळे काढून देणार नाही.

वाइड अँगल वाईट नसतो. लिफ्टमध्ये, लॉबीत, जिन्याच्या वळणावर त्याला पर्याय नाही. पण ‘एकाच कॅमेऱ्यात सगळं यायला हवं’ म्हणून तो सगळीकडे लावला की काय घडलं ते कळतं, कोणी केलं ते कळत नाही. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक सोसायट्या सुरुवात कोटेशनपासून करतात. इथे कोटेशन सातव्या टप्प्यावर येतं, आणि ते मुद्दामच.

## आधीची तयारी

हाताशी एवढं ठेवा: ३० मीटरचा टेप, खडू, शिडी, अल्ट्रावाइड कॅमेरा असलेला फोन, सोबत एक माणूस आणि इमारतीच्या तळमजल्याचा नकाशा. मंजूर नकाशाची प्रत नसेल तर कागदावर हाताने काढलेला चालेल, फक्त त्यावर खांब, गेट, जिना, लिफ्ट, मीटर रूम, पंप रूम आणि कंपाउंड वॉल दाखवा.

त्याच कागदामागे तक्ता आखा आणि प्रत्येक जागेसाठी एक ओळ ठेवा. रकाने असे: जागा, प्रश्न, अंतर, उंची, दिवसाचा उजेड, रात्रीचा उजेड, लेन्स. शेवटचा रकाना आत्ता रिकामा ठेवा. तो आधी भरला की बाकीची मोजमापं त्यात बसवण्याचा मोह होतो.

वॉचमनशी आणि सफाईच्या मावशींशी बोलल्याशिवाय यादी पूर्ण झाली असं समजू नका. कुठल्या कोपऱ्यातला दिवा नेहमी बंद असतो, मुलं भिंतीवरून कुठे उड्या मारतात, डिलिव्हरीवाले कुठल्या दाराने आत येतात हे त्यांना कमिटीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

## टप्पा १: प्रत्येक जागेला एकच प्रश्न

सीसीटीव्हीसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. एका मीटरला किती पिक्सेल मिळाले की चित्रातून काय साधतं, याच्या पायऱ्या त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत दिल्या आहेत. आपल्या कामाच्या पायऱ्या चार:

- २५ पिक्सेल: तिथे माणूस किंवा गाडी आहे, एवढंच कळतं.
- ६२.५ पिक्सेल: कपडे, पाठीवरची बॅग, हालचालीची पद्धत असा तपशील कळतो.
- १२५ पिक्सेल: ओळखीचा माणूस असेल तर ‘हा अमुक’ असं सांगता येतं.
- २५० पिक्सेल: अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते. पोलिसांना द्यायचं फुटेज या पायरीचं असावं.

आता तक्त्याच्या ‘प्रश्न’ रकान्यात प्रत्येक जागेला यातली एकच पायरी द्या. मुख्य गेटच्या बाजूचं छोटं दार २५०, लिफ्ट आणि लॉबी २५०, पार्किंगचा मधला रस्ता ६२.५, कंपाउंड वॉलचा मागचा भाग २५, गच्चीच्या टाकीजवळ १२५.

‘सगळीकडे २५०’ असं लिहू नका. खर्च खूप वाढतो आणि गरजही नसते. चोराला आत यायला आणि बाहेर जायला ठरावीकच वाटा असतात. त्या वाटांवर चेहरा नीट मिळाला, तर बाकीच्या ठिकाणी तो कुठून कुठे गेला एवढं दिसणं पुरतं. सोसायटीचा सगळा आराखडा या एका विचारावर उभा राहतो, म्हणून या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या.

तपासा: २५० लिहिलेल्या जागा मोजा. एका विंगच्या साध्या इमारतीत त्या तीन ते पाच भरतात. दहा भरत असतील तर यादी पुन्हा वाचा.

सावधान: गाडीचा नंबर हा वेगळा प्रश्न आहे, चेहऱ्याच्या कॅमेऱ्यात तो उरकू नका. दुचाकीची मागची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट २०० × १०० मिमी असते. २५० पिक्सेलच्या पायरीवर तिच्या वाट्याला रुंदीत ५० पिक्सेल येतात, एका अक्षराला जेमतेम दहा. त्यात रात्री हेडलाइटचा झोत. नंबर हवाच असेल तर अरुंद लेन्सचा, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवलेला वेगळा कॅमेरा घ्या आणि तो गाडीच्या रेषेच्या शक्य तितका समोर लावा.

## टप्पा २: टेपने मोजा

बहुतेकजण भिंत ते भिंत मोजतात. मोजायचं असतं कॅमेऱ्यापासून पकडीच्या रेषेपर्यंत. पकडीची रेषा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जी ओलांडावीच लागते ती जागा: छोट्या दाराचा उंबरा, लिफ्टचं दार, जिन्याची पहिली पायरी, रॅम्पचं तोंड. तिथे खडूने रेघ मारा. कॅमेरा लावायच्या जागेच्या बरोबर खाली उभं राहून त्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहा. रेषेवर वाट किती रुंद आहे तेही लिहा. छोटं दार सव्वा मीटरचं असतं. तिथे चौदा मीटर रुंदीचं चित्र घेतलं की उरलेले पावणेतेरा मीटर भिंत, झाड आणि रस्त्यावर खर्च होतात.

मग फोन काढा. शिडीवर चढून कॅमेऱ्याच्या उंचीवर फोन आडवा धरा आणि दोन फोटो घ्या, एक ०.५ एक्सवर, एक १ एक्सवर. बहुतेक फोनमध्ये ०.५ एक्सचा फोटो २.८ मिमी लेन्सच्या जवळपास जातो. १ एक्सचा ४ मिमीपेक्षा थोडा अरुंद असतो. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. तरी दोन फोटो शेजारी ठेवून सभेत दाखवले की ‘वाइडच हवा’ हा आग्रह बराच सैल होतो, कारण गेटवर उभा असलेला माणूस पहिल्या फोटोत किती बारीक झालाय ते सगळ्यांना दिसतं.

तपासा: फोटोत आकाश किंवा समोरची मोकळी भिंत एक तृतीयांशाहून जास्त आहे? मग जागा किंवा कोन बदला. लेन्स ठरवायची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा ३: लेन्सचं गणित, एका गुणाकारात

अंतराला लेन्ससमोर दिलेल्या आकड्याने गुणलं की चित्रात मावणारी रुंदी मिळते:

- २.८ मिमी (साधारण १०० अंश): अंतर × २.४
- ४ मिमी (साधारण ८० अंश): अंतर × १.७
- ६ मिमी (साधारण ५३ अंश): अंतर × १
- १२ मिमी (साधारण २८ अंश): अंतर × ०.५

कॅमेऱ्याच्या आडव्या पिक्सेलना त्या रुंदीने भागा. २ मेगापिक्सेलचे आडवे पिक्सेल १९२०, ४ मेगापिक्सेलचे २५६०, ८ मेगापिक्सेलचे ३८४०. ॲनालॉग एचडीमध्ये ३.६ मिमी लेन्स सर्रास मिळते, तिला ४ मिमीपेक्षा किंचित रुंद धरा.

समजा, छोटं दार कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर आहे आणि पायरी हवी २५०:

- २ मेगापिक्सेल, २.८ मिमी: रुंदी १४.४ मीटर, मीटरला १३३. ओळखीचा माणूस ओळखू येईल, अनोळखी नाही.
- ४ मेगापिक्सेल, २.८ मिमी: मीटरला १७८. अजूनही कमी.
- ४ मेगापिक्सेल, ४ मिमी: रुंदी १०.२ मीटर, मीटरला २५१. काठावर पास.
- २ मेगापिक्सेल, ६ मिमी: रुंदी ६ मीटर, मीटरला ३२०. उत्तम.
- ८ मेगापिक्सेल, २.८ मिमी: मीटरला २६७. दिवसा चालेल.

दुसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून वाचा. निम्मेच मेगापिक्सेल असलेला, बहुधा स्वस्तही असलेला कॅमेरा योग्य लेन्समुळे पुढे गेला. आणि पाचव्या ओळीवर भुलू नका. त्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलला उजेड कमी मिळतो. कागदावरचे २६७ रात्री दाणेदार होतात. डिस्कही दुपटीच्या आसपास लागते.

सावधान, एक: माहितीपत्रकात कोन छापलेला असतो तो कधी कधी कर्णाचा असतो. कर्णाचा कोन आडव्यापेक्षा मोठा दिसतो. आडवा कोन विचारा आणि तोच धरा.

सावधान, दोन: वाइड लेन्समध्ये कडेच्या वस्तू ताणल्या-वाकल्या जातात. वरचं गणित चित्राच्या मध्यभागासाठी आहे. पकडीची रेषा चित्राच्या मधल्या तृतीयांशात आणा.

सावधान, तीन: हा फार थोड्यांना माहीत असलेला मुद्दा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बरेच स्वस्त डीव्हीआर २ मेगापिक्सेलचा कॅमेरा जोडूनही रेकॉर्डिंग ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ मध्ये करतात. त्यात आडवे पिक्सेल १९२० नसतात, ९६० असतात. तुमचं सगळं गणित एका फटक्यात निम्मं होतं, आणि लाइव्ह चित्र बरं दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. रेकॉर्डरच्या एन्कोडिंग सेटिंगमध्ये जाऊन मुख्य स्ट्रीमचं रिझोल्यूशन स्वतः वाचा. रेकॉर्डिंग सब-स्ट्रीमवर (कमी दर्जाच्या दुसऱ्या चित्रावर) ठेवलेलं नाही ना, हेही तिथेच दिसतं. फोनवर बघायला सब-स्ट्रीम ठीक आहे, साठवायला नाही.

## टप्पा ४: वाइडमधला कुठला?

२.८ मिमी फिक्स्ड. लिफ्ट, लॉबी, मीटर रूम, जिन्याचं वळण अशा तीन-चार मीटरच्या आतल्या जागांसाठी. ४ मेगापिक्सेल असेल तर २५० पिक्सेलची पायरी सव्वाचार मीटरपर्यंत मिळते, म्हणजे लिफ्टमध्ये आरामात. लिफ्टमध्ये हा दाराच्या समोरच्या कोपऱ्यात लावा, म्हणजे आत येणाऱ्याचा चेहरा मिळतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात लावला तर माणूस आत शिरताना पाठच दिसते. लिफ्टसाठी आयके१० दर्जाचा (आघात सोसणारा) डोम घ्या, धक्का लागला तरी सहज फुटत नाही.

व्हेरिफोकल, २.८ ते १२ मिमी. गेट, रॅम्प, पार्किंगचं तोंड. लावल्यावर लेन्स फिरवून चित्र हवं तेवढं आवळता येतं. पैसे वाचवायचे तर इतर ठिकाणी वाचवा, गेटवर हाच घ्या. मोटराइज्ड असेल तर शिडीवर न चढता रेकॉर्डरवरूनच फोकस होतो. पावसाळ्यात दोन-चारदा फोकस सुधारावा लागतो, तेव्हा तो जास्तीचा खर्च वसूल होतो.

फिशआय. छताच्या मधोमध लावायचा, चहूबाजूंचं गोल चित्र देणारा. क्लब हाउस, मोठी चौकोनी लॉबी, व्यायामशाळा इथे एक फिशआय तीन साध्या कॅमेऱ्यांचं काम करतो, पण ‘काय घडलं’ एवढ्याच प्रश्नासाठी. पिक्सेल सगळ्या गोलात वाटले जातात, त्यामुळे चेहरा तीन-चार मीटरपलीकडे अपेक्षू नका. गोल चित्र सरळ करण्याला डीवॉर्पिंग म्हणतात. ते तुमच्या रेकॉर्डरला येतं का, जुनं फुटेज बघतानाही येतं का, हे घेण्याआधी प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. माझं स्पष्ट मत: साध्या राहत्या सोसायटीला फिशआयची गरज क्वचितच असते.

दोन लेन्सचा १८० अंशी पॅनोरामिक. लांबट मोकळं मैदान किंवा कंपाउंड वॉल एका चित्रात घेतो. दोन चित्रांच्या सांध्यावर जवळून जाणारा माणूस कधी तुटल्यासारखा दिसतो, म्हणून सांधा गेटवर येऊ देऊ नका.

फिरता पीटीझेड. कोणी सतत बघत बसणार नसेल तर नको. घटना डावीकडे घडते तेव्हा तो उजवीकडे बघत असतो.

उघड्यावर डोमपेक्षा टरेट (टोपी नसलेला गोळ्यासारखा) किंवा बुलेट (नळीसारखा) कॅमेरा बरा. डोमच्या पारदर्शक टोपीवर धूळ आणि पावसाचे थेंब साचतात, रात्री इन्फ्रारेड उजेड त्यांवरून परतून चित्र धुरकट होतं.

## टप्पा ५: उंची आणि कोन

‘उंच लावा, म्हणजे कोणी तोडणार नाही’ हा सल्ला चेहऱ्याच्या कॅमेऱ्याला मारक आहे. कॅमेरा २.७ मीटरवर, चेहरा १.६ मीटरवर, अंतर ४ मीटर असेल तर कॅमेरा साधारण १५ अंश खाली बघतो. चेहरा नीट येतो. तोच कॅमेरा ५ मीटरवर नेला तर कोन ४० अंशांपर्यंत जातो आणि मिळतं ते डोकं, टोपी आणि खांदे.

म्हणून २५० च्या जागा २.४ ते २.७ मीटरवर. तोडफोडीची भीती असेल तर मजबूत डोम घ्या आणि दुसऱ्या कॅमेऱ्याची नजर त्याच्यावर ठेवा. फक्त हालचाल बघणारे वाइड कॅमेरे चार मीटरवर बिनधास्त लावा, तिथे उंची फायद्याचीच.

वाइड लेन्सची खोड अशी की ती शेजारची भिंत आणि वरचा छज्जासुद्धा चित्रात ओढते. दिवसा तेवढा भाग वाया जातो. रात्री त्याहून वाईट होतं: कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड जवळच्या पांढऱ्या भिंतीवर आदळून परततो, कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे आणि तो दूरचं सगळं काळं करून टाकतो. कॅमेरा भिंतीपासून ब्रॅकेटवर पुढे काढा किंवा छज्जाच्या कडेला आणा.

लांब अरुंद पॅसेजसाठी कॉरिडॉर मोड वापरा. कॅमेरा ९० अंश फिरवून लावायचा आणि सेटिंगमध्ये चित्र उभं करायचं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जाणारे पिक्सेल पॅसेजच्या लांबीला मिळतात. बहुतेक आयपी (नेटवर्क केबलवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि बहुतेक ठिकाणी ती बंदच असते.

तपासा: चित्रात कोणाच्या घराचं दार, खिडकी किंवा बाल्कनी येतेय का? येत असेल तर कोन बदला. ते जमत नसेल तर प्रायव्हसी मास्क टाकून तेवढा भाग झाका. वाइड कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांत होणारी बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

## टप्पा ६: उजेड, रात्र आणि पाऊस

लॉबीच्या काचेच्या दारासमोर कॅमेरा असेल तर दुपारी मागून ऊन येतं आणि माणूस काळी आकृती होतो. तिथे १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकदम सांभाळणारी सोय) हवा. ‘डी-डब्ल्यूडीआर’ लिहिलं असेल तर ती सॉफ्टवेअरची डागडुजी आहे, समोरासमोरच्या उन्हाला ती पुरत नाही.

इन्फ्रारेडचा ‘३० मीटर’ हा आकडा कॅमेऱ्याच्या समोरच्या रेषेपुरता धरा. वाइड चित्राच्या दोन्ही कडा त्याआधीच अंधारतात. पार्किंगमध्ये एक-दोन एलईडी ट्यूब रात्रभर चालू ठेवणं हा चित्र सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. जास्त मेगापिक्सेलवर खर्च करण्याआधी दिवे दुरुस्त करा.

शटरकडे कोणी बघत नाही, म्हणून तपशिलात सांगतो. रात्री कॅमेरा आपोआप शटर १/२५ सेकंदापर्यंत सैल सोडतो. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, म्हणजे तेवढ्या वेळात साडेपाच सेंटिमीटर सरकतो. २५० च्या पायरीवर ते झाले १४ पिक्सेल. चेहराच ४० पिक्सेलचा, त्यात १४ चा फराटा. स्थिर चित्र सुंदर दिसतं आणि चालणारा माणूस भुतासारखा पुसट होतो, त्याचं कारण हे. गेटच्या आणि लॉबीच्या कॅमेऱ्यांना शटर १/१०० वर बांधा. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेत १/५० किंवा १/१०० ठेवलं की दिव्यांची फडफडही चित्रात येत नाही. चित्र अंधारलं तर दिवा वाढवा, शटर सैल करू नका.

पावसाचं म्हणाल तर आयपी६७ हे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन कॅमेऱ्याच्या डब्याला असतं, त्यातून लोंबणाऱ्या केबलच्या जोडाला ते आपोआप लागू होत नाही. पहिल्या जूनमध्ये बंद पडणारे बरेच कॅमेरे या जोडात पाणी शिरून बंद पडतात. जोड वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये घ्या आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जातं. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात स्क्रू आणि ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचेच मागा. तिथे साधे स्क्रू लवकर गंजतात, कोन सैल होतो आणि कॅमेरा हळूहळू जमिनीकडे बघू लागतो.

कोळ्याची जाळी इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या दोरखंडासारखी चमकते. महिन्यातून एकदा लांब काठीच्या झाडूने कॅमेरे साफ करणं सफाईच्या कामात लिहूनच टाका.

## टप्पा ७: केबल, साठवण आणि कोटेशन

केबल थोडक्यात. आयपी कॅमेऱ्यासाठी कॅट६, शुद्ध तांब्याची. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरच्या आत. सीसीए लिहिलेली केबल म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पीओईवर (त्याच केबलमधून वीज देताना) लांब अंतराला तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. केबलवर छापलेलं वाचून घ्या.

साठवणीसाठी एक आकडा लक्षात ठेवा: १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) सरासरी ३ एमबीपीएस घेतो असं धरा. आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला २५९ जीबी. पंधरा दिवसांना जवळजवळ ४ टीबी, तीस दिवसांना पावणेआठ. वाइड चित्रात हलणारी झाडं आणि रस्ता जास्त येतो, त्यामुळे बिटरेट वाढतो. पावसाळ्यात तो आणखी चढतो. काठावरची डिस्क घेऊ नका, आणि डिस्क सर्व्हिलन्ससाठी बनवलेलीच घ्या.

आता कोटेशन. ‘एचडी वाइड कॅमेरा, १६ नग’ असं कोटेशन परत पाठवा. प्रत्येक जागेसमोर ह्या गोष्टी लेखी हव्यात:

१. लेन्स किती मिमी, आडवा कोन किती.
२. *रेकॉर्डिंग* कुठल्या रिझोल्यूशनला आणि सेकंदाला किती फ्रेमला होणार.
३. पकडीच्या रेषेवर मीटरला किती पिक्सेल मिळणार.
४. फुटेज किती दिवस राहणार.
५. रात्रीची चाचणी पास झाल्यावर शेवटचा हप्ता, ही अट.

बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक कॅमेऱ्यावर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचण्याही बंधनकारक केल्या आहेत. विकणाऱ्याकडे त्या मॉडेलचं एसटीक्यूसी (केंद्र सरकारची चाचणी यंत्रणा) प्रमाणपत्र मागा. जुना साठा खपवणारे इथे गडबडतात.

सावधान: तीन कोटेशनची तुलना एकूण रकमेवर करू नका. गेटच्या ओळीवर करा. तिथे व्हेरिफोकलच्या जागी २.८ मिमी फिक्स्ड दाखवून रक्कम खाली आणलेली असते.

## टप्पा ८: पैसे देण्याआधीची चाचणी

दोन वेळा करायची. एकदा दुपारी ऊन समोर असताना, एकदा रात्री अकरानंतर रोजचेच दिवे चालू असताना. चाचणीसाठी म्हणून जास्तीचे दिवे लावू नका.

सोबतच्या माणसाला पकडीच्या रेषेवरून रोजच्या चालीने तीनदा जायला सांगा: एकदा सरळ, एकदा मान खाली घालून फोन बघत, एकदा टोपी घालून. मग लाइव्ह चित्र न बघता रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढा आणि संगणकावर उघडा. एक फ्रेम थांबवून तिचं चित्र जतन करा, कुठल्याही साध्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि चेहऱ्याच्या रुंदीचे पिक्सेल मोजा. २५० च्या जागी ते ४० च्या आसपास भरायला हवेत, १२५ च्या जागी २०. भरत नसतील तर व्हेरिफोकल आवळून पुन्हा करा. फिक्स्ड लेन्स असेल तर ती बदलून मागा. हे काम बसवणारे अजून शिडी घेऊन उभे असतानाच होतं.

ही चाचणी त्या माणसाला न ओळखणाऱ्या कोणाला तरी दाखवा. फ्रेम बघून शेजारी उभ्या असलेल्या चार-पाच जणांतून त्याला तो माणूस बिनचूक निवडता यायला हवा. ओळखीच्या डोळ्यांना धूसर चित्रातही माणूस दिसतो, म्हणून कमिटीतल्याने दिलेला होकार धरू नका.

पुढे एवढं तपासा:

- रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जोडलेलं आहे का. दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ तपासात मोठा घोळ करतं.
- सगळे मूळ पासवर्ड बदलले का, आणि नवे सोसायटीकडे आहेत का. फक्त बसवणाऱ्याकडे असून चालत नाही.
- फुटेज मूळ स्वरूपात काढता येतं का. फोनने स्क्रीनचं केलेलं शूटिंग पुरावा म्हणून टिकवणं कठीण जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. म्हणून मूळ फाइल न बदलता जपा, व्हॉट्‌सॲपवरून पाठवलेली प्रत दाबली जाऊन बदलते.
- सर्वांत जुनं फुटेज किती दिवसांचं आहे. पहिल्या महिन्याच्या शेवटी बघा आणि कोटेशनमधल्या आकड्याशी जुळवा.

चाचणी पास झाली की व्हेरिफोकलचे आणि ब्रॅकेटचे स्क्रू आवळून घ्या. प्रत्येक कॅमेऱ्याची दिवसाची एक आणि रात्रीची एक फ्रेम छापून सोसायटीच्या फाइलमध्ये लावा, मागे तारीख, लेन्स आणि मोजलेले पिक्सेल लिहा. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये त्याच फ्रेम घेऊन प्रत्येक कॅमेरा जुळवून बघा. वाऱ्याने कोन सरकलेला असतो, झाडाची फांदी गेटच्या आड आलेली असते, कुठे तरी नवा फ्लेक्स लटकलेला असतो. फांदी छाटा, फ्लेक्स हलवा, कोन परत रेषेवर आणा आणि नवी फ्रेम जुनीच्या वर लावा.